चाळीस मुलांच्या वर्गासाठी चार कला उपक्रम: ठसे, मेणखडू, वारली आणि गंजिफा

पहिली ते पाचवीच्या वर्गात कला उपक्रम घ्यायचा तर आधी तीन गोष्टी मोजाव्यात: पाणी कुठे ठेवणार, ओले कागद कुठे वाळवणार आणि मुलांना किती वेळ ताटकळावं लागणार. कल्पना कितीही सुंदर असो, तास विस्कटतो तो बहुतेक वेळा यांतल्याच एखाद्या कारणाने. ३५ मिनिटांच्या तासिकेत साहित्य वाटायला सहा-सात मिनिटं जातात, आवरायला दहा. म्हणजे हाताला जेमतेम अठरा मिनिटं उरतात. त्यामुळे उपक्रम दोन-तीन तासिकांत तोडावा आणि प्रत्येक टप्पा अशा जागी संपवावा की पुढचं काम कोरड्या कागदावर सुरू होईल. जोड तासिका मिळाली तर उत्तमच.

खालची सगळी मापं ४० मुलांची आहेत. पट कमी असेल तर त्याच प्रमाणात घटवा.

आधी मांडणी

चौघांचा एक गट, असे दहा गट. बाकं हलत नसतील तर बाकांचा नाद सोडा, सतरंजीवर बसवा. जमिनीवर सांडलं तर पुसता येतं. बाकावरचं पाणी वहीवर, दप्तरावर आणि शेजाऱ्याच्या मांडीवर जातं. पाण्यासाठी कापलेली प्लास्टिकची बाटली वापरू नका, ती हमखास कलंडते. रुंद बुडाचा स्टीलचा डबा घ्या आणि एक-तृतीयांशच भरा. रंगाला नारळाच्या करवंट्या चांगल्या, फक्त त्या डुगडुगतात. वर्तमानपत्राचा पिळा करून त्याची छोटी चुंबळ वळा आणि करवंटी तिच्यावर बसवा.

एका गटाला एका वेळी तीनच रंग द्यावेत. काळा रंग पहिल्या तासाला देऊच नये. तो एकदा एका कुंचल्याला लागला की दहा मिनिटांत सगळ्या करवंट्या मळकट होतात आणि मुलं म्हणतात, ‘बाई, रंग खराब निघाला.’ कुंचले चपटे सहा नंबरचे आणि गोल चार नंबरचे, गटाला दोन-दोन पुरेत. प्रत्येकाला हात पुसायला सुती चिंधी हवी. घरातल्या मोठ्या माणसाचा जुना शर्ट गुंड्या पाठीकडे करून घातला की गणवेश वाचतो.

कागद हातात पडताच मागच्या बाजूला उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीने नाव आणि हजेरी क्रमांक लिहून घ्या. कागद ओला झाला की लिहिताना तो फाटतो, आणि वाळल्यावर चाळीस कागदांतून आपला शोधताना रडारड होते.

वाळवणीसाठी भिंतीला सुतळी आणि कपड्यांचे चिमटे. ए-फोर कागद २१ सेंमी रुंद असतो. ६ मीटरच्या भिंतीवर थोडं अंतर सोडून साधारण २६ कागद लागतात, म्हणजे ४० कागदांना दोन भिंती हव्यात. एकाच भिंतीवर वर-खाली दोन सुतळ्या बांधल्या तर वरचे कागद खालच्यांवर ठिबकतात. रंग दाट असेल तर टांगण्यापेक्षा व्हरांड्यात आडवे पसरावेत आणि प्रत्येक कोपऱ्यावर एक खडा ठेवावा. पंखा लवकर वाळवतो हे खरं, पण खडे ठेवायच्या आधी तो लावू नका.

एक पथ्य मात्र सगळ्यांत महत्त्वाचं: फळ्यावर नमुना चित्र काढून ठेवू नका. ते दिसत राहिलं की चाळीस जणांकडून त्याच्याच चाळीस नकला मिळतात, त्यातल्या पस्तीस ओशाळलेल्या. साधन कसं धरायचं, रंग किती घ्यायचा, दाब किती द्यायचा हे रद्दी कागदावर करून दाखवा आणि तो कागद बाजूला काढून ठेवा.

पहिली-दुसरीसाठी: भाज्यांचे ठसे

भेंडी, कांदा, कारलं, कोबीचा देठ, बटाटा. भेंडी जून घ्यावी. कोवळी दोन-चार ठशांतच लगदा होते; जून भेंडीचे धागे ताठ राहतात आणि चांदणीच्या कडा स्पष्ट उमटतात. शिवाय जून भेंडी भाजीला कोणी घेत नाही, त्यामुळे अन्न वाया घालवल्याची चुटपुटही राहत नाही. पोषण आहाराच्या स्वयंपाकघरात किंवा बाजार उठताना भाजीवाल्याकडे ती मिळते. चार-पाच सेंटिमीटर लांब तुकडा ठेवावा, म्हणजे लहान बोटांना पकड मिळते. कापण्याचं काम मोठ्यांनीच आदल्या तासाला उरकावं.

कापल्यावर लगेच ठसा मारू नका. कापलेल्या तोंडातून पाणी सुटत असतं, त्यावर रंग बसत नाही आणि ठसा फिकट, डागाळलेला येतो. तुकडे कापलेली बाजू खाली करून पंधरा-वीस मिनिटं वर्तमानपत्रावर पालथे ठेवा. कांदा आणि बटाटा यांना जास्त वेळ लागतो.

रंग करवंटीतून थेट घेतला की भेंडीच्या पोकळ्या भरतात आणि चांदणीऐवजी ठिपका उठतो. म्हणून ताटलीत जुन्या सुती कापडाची चार पदरी घडी ठेवा, तिच्यावर दोन चमचे पोस्टर रंग आणि एक चमचा पाणी पसरून जिरू द्या. घडीवर भेंडी टेकवायची, कागदावर सरळ दाबायची, सरळ उचलायची. मुलं ती फिरवतात किंवा घसटतात. ‘टेकव, दाब, उचल’ हे तीन शब्द सगळ्यांनी एका ठेक्यात म्हटले की हात आपोआप सरळ पडतो. कागदाखाली वर्तमानपत्राची जाड घडी ठेवली तर वाकडा कापलेला तुकडाही पूर्ण उमटतो.

सुरुवातीला मुलं जागा दिसेल तिथे ठसे मारतात. पहिला कागद तसाच होऊ द्यावा. दुसऱ्या कागदावर एकच अट घालावी: एक ओळ अशी करा की तिच्यात काहीतरी पुन्हा पुन्हा येतं. कांदा-भेंडी-भेंडी, कांदा-भेंडी-भेंडी. साडीचा काठ दाखवला की पुढे काही समजावून सांगावं लागत नाही. काठाच्या अशा पट्ट्या जोडून वर्गाच्या फळ्याभोवती लावता येतात.

पावसाळ्यासाठी: मेणखडू आणि शाई

जुलै-ऑगस्टमध्ये हवेत इतका दमटपणा असतो की दाट रंगाचं काहीही दुसऱ्या दिवशीपर्यंत ओलंच राहतं. त्या दिवसांत हा उपक्रम सोयीचा. मेणखडूने चित्र काढायचं आणि वरून पातळ शाई फिरवायची. मेण पाणी झटकतं, त्यामुळे रेषा शाईतून उजळून वर येतात.

खडू तेलकट, म्हणजे ऑइल पेस्टल असावेत. स्वस्तातल्या कडक मेणखडूत मेण कमी उतरतं आणि शाई रेषेवरूनही पसरते. दाब भरपूर हवा. बोटाने रेषेवरून हात फिरवला तर ती उंच लागली पाहिजे. पेनाची निळी शाई एक भाग आणि पाणी पाच भाग असं मिश्रण पुरतं. पोस्टर रंग इथे चालत नाही, तो दाट असल्यामुळे मेणाला झाकून टाकतो. कुंचला रुंद घ्या, एका दिशेने एकदाच फिरवा. पुन्हा पुन्हा घासलं की कागदाच्या गोळ्या निघतात. पांढऱ्या खडूने पांढऱ्या कागदावर पाऊस काढायला सांगितलं की शाई लागेपर्यंत काहीच दिसत नाही, आणि दिसलं की वर्गात जो आरडाओरडा होतो त्याची तयारी ठेवावी. शेजारच्या वर्गाला आधी सांगून ठेवलेलं बरं.

तिसरीपासून: वारली

वारली चित्रं शाळांमधून भरपूर होतात आणि बहुतेक वेळा उरकल्यासारखी होतात: छापील आकृती, तिची नक्कल, वर बारीक नक्षी. खरं तर या चित्रात हालचाल शिकायला मिळते, आणि तेवढी एक गोष्ट पकडली तरी तीन तासिका सार्थकी लागतात.

थोडी पार्श्वभूमी मुलांना द्यावी. पालघर जिल्ह्यातल्या डहाणू, तलासरी, जव्हार भागात वारली समाजात लग्नाच्या वेळी घराच्या भिंतीवर चौक, म्हणजे लग्नविधीचं चित्र, लिहितात. तो बायका लिहितात, सवाशिणी. भिंत गेरूने किंवा शेणामातीने सारवलेली आणि रंग तांदळाच्या पिठाचा. १९७०च्या दशकात जिव्या सोमा मशे यांनी हीच चित्रभाषा कागदावर आणली आणि रोजचं जगणं, गोष्टी त्यात रंगवल्या. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. लग्नाचा चौक हा विधीचा भाग आहे. वर्गात तो काढायला लावू नये. शेत, मासेमारी, झाडं, तारप्याचा (तारपा म्हणजे फुंकून वाजवायचं वाद्य) नाच यांना हात घालावा, तिथे विषय कमी पडणार नाहीत.

पहिली तासिका पाटीवर. काळी पाटी आणि खडू यात वारलीचा सराव फुकट होतो आणि चुकलेलं पुसता येतं. माणसाचं अंग म्हणजे दोन त्रिकोण, टोकाला टोक लावून. वरच्याचं टोक खाली, खालच्याचं टोक वर, जोड कमरेत. हात फुटतात ते वरच्या त्रिकोणाच्या आडव्या बाजूच्या दोन कोपऱ्यांतून, पाय खालच्या त्रिकोणाच्या दोन कोपऱ्यांतून. निम्मी मुलं हात कमरेतून काढतात, मग माणूस कीटकासारखा दिसतो. मान म्हणजे छोटी रेघ आणि तिच्यावर गोल डोकं, त्रिकोणाला न चिकटलेलं.

आता खेळ सुरू. एका मुलाला पुढे बोलवा. तो पाण्याची घागर उचलतो, भात लावतो, दोरी ओढतो. बाकीच्यांनी फक्त त्याच्या कमरेकडे पाहायचं. वाकला की वरचा त्रिकोण तिरका होतो, खालचा जागीच राहतो. पळताना दोन्ही तिरके होतात. चार सेंटिमीटर उंचीची सहा माणसं, सहा कामं, एका पाटीवर. गुडघा आणि कोपर इथे रेघ मोडायची हे सांगायला विसरू नका, नाहीतर सगळे काठीसारखे ताठ उभे राहतात.

दुसऱ्या तासिकेसाठी आदल्या दिवशी कागद सारवून ठेवा. वह्यांना घालतात तो खाकी कागद घ्या, त्याची चकचकीत बाजू खाली आणि खडबडीत बाजू वर. १०० ग्रॅम गेरू, ३०० मिली पाणी, दोन मोठे चमचे फेविकॉल हे मिश्रण गाळून घ्या; गेरूत खडे असतात आणि ते कुंचल्याखाली ओरखडे पाडतात. फेविकॉल टाळलं तर गेरू वाळल्यावर हाताला येतो, आणि वरच्या पांढऱ्या रेषा त्यात मिसळून गुलाबी होतात. एका बाजूने ओला झालेला कागद गुंडाळी होतो, म्हणून अर्धवट वाळल्यावर रद्दीत ठेवून वर पुस्तकांचा गठ्ठा ठेवा. वेळ नसेल तर गेरू सोडून थेट खाकी कागदावर काढलं तरी चालतं.

पांढऱ्यासाठी पोस्टर रंग सोपा. काडी बुडवून वर धरली की थेंब सावकाश सुटून पडला पाहिजे. पडलाच नाही तर पाणी घाला, धार लागली तर रंग घाला. तांदळाची पिठी वापरायची हौस असेल तर दोन मोठे चमचे वस्त्रगाळ पिठी, तीन चमचे पाणी आणि अर्धा चमचा डिंकाचं पाणी. ही पिठी ओली असताना फिकी दिसते, वाळल्यावर पांढरी होते. मुलांना हे आधी सांगितलं नाही तर ती दिसत नाही म्हणून त्याच रेषेवर पाच वेळा काडी फिरवतात आणि थर फुगून नंतर तडकतो. पिठीचं चित्र झुरळांनाही आवडतं, त्यामुळे पावसाळ्याच्या आत ते भिंतीवरून उतरवावं.

लिहिण्याचं साधन म्हणजे खराट्याची हीर. बारा सेंटिमीटरचे तुकडे करा, एक टोक अर्धा सेंटिमीटर दगडाने ठेचा, धागे सुटले की झाला कुंचला. बांबूच्या काडीचं टोक चावून मऊ करण्याची रीत आहे. शाळेत ठेचणंच बरं. डोक्यासाठी पेन्सिलीचं चपटं टोक रंगात बुडवून टेकवलं की गोल उमटतो. कुंचला देऊ नका. त्याने रेष जाड होते आणि मुलं त्रिकोण रंगवण्यातच अडकतात.

तिसरी तासिका तारपा नाचाची. आठ-दहा जणांमागे गेरूने सारवलेली एक पूर्ण कार्डशीट (५६ बाय ७१ सेंमी) घ्या. मधोमध तारपा वाजवणारा, सात सेंटिमीटर उंच. त्याच्याभोवती नाचणाऱ्यांची वेटोळी रांग. हे वेटोळं हाताने काढलं की हमखास एका बाजूला दाटतं, आणि मग तिथल्या माणसांची डोकी वरच्या वेढ्याच्या पायांत अडकतात. त्यावर उपाय आहे. साडेतीन सेंटिमीटर व्यासाची बाटली कागदाच्या मध्यावर घट्ट धरा, तिच्याभोवती दोरा गुंडाळा, सुट्या टोकाला पेन्सिल बांधा. सुटा दोरा आठ सेंटिमीटर असताना सुरुवात करा आणि दोरा ताणून ठेवत उलगडत न्या. एका पूर्ण फेरीत दोरा बाटलीच्या परिघाइतका, म्हणजे ११ सेंटिमीटर वाढतो. वेढ्यांतलं अंतर तेवढंच राहतं. पाचवीच्या वर्गात परीघ मोजायचा धडा इथेच होऊन जातो. एका फेरीत साधारण ८५ सेंटिमीटर लांबीची रेघ मिळते, म्हणजे आठ सेंटिमीटर उंचीचे नऊ-दहा नाचणारे. सगळ्यांचे पाय रेघेवर, डोकी बाहेरच्या बाजूला. प्रत्येकाने एकच माणूस काढायचा, शेजाऱ्याचा हात कुठे येतो ते पाहून. कागद फिरवत राहायचा, मुलांनी जागा सोडायची नाही. पेन्सिलीची रेघ शेवटी पुसू नका, गेरूवर खोडरबराचा चट्टा पडतो. ती फिकट असेल तर दिसतही नाही.

चौथी-पाचवीसाठी: वर्गाचा गंजिफा संच

हा उपक्रम महिनाभर चालतो आणि शेवटी हातात खेळायचे पत्ते येतात, म्हणून वेळ काढून करण्यासारखा. सावंतवाडीचे गंजिफा पत्ते गोल असतात, हाताने रंगवलेले. दशावतारी संचात १० रंग (इस्पिक-बदाम असतात तसे), प्रत्येक रंगात १२ पाने: एक ते दहा, वजीर आणि राजा. एकूण १२०. प्रत्येक रंग एका अवताराचा, त्याची खूण आणि पार्श्वभूमीचा रंग वेगळा. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी सावंतवाडीच्या राजवाड्यात ही कला पुन्हा उभी केली.

वर्गाच्या दृष्टीने हा आकडा फार सोयीचा. १२० पाने आणि ४० मुलं म्हणजे प्रत्येकाला तीन. दहा रंग आणि चौघांचे दहा गट. इतकंच काय, ए-फोर कागदावर सात सेंटिमीटरचे चौकोन आडवे तीन आणि उभे चार बसतात, म्हणजे बरोबर १२. एका गटाला एक पुठ्ठा, एक रंग.

दिवाळीनंतर सुरू करा. पावसाळ्यात खळीला बुरशी धरते आणि पुठ्ठे पापडासारखे वाकतात.

*खळ.* पारंपरिक पत्त्यांना चिंचोक्याची खळ वापरतात. शाळेत मैद्याची पुरते. चार मोठे चमचे मैदा एक कप थंड पाण्यात गुठळी न ठेवता कालवा, दोन कप उकळत्या पाण्यात सतत ढवळत ओता, आणि पांढरेपणा जाऊन चकाकी येईपर्यंत मंद आचेवर ठेवा. थंड झाल्यावर वापरा. दुसऱ्या दिवशी वास येतो, तेव्हा रोजची रोज करावी. जुनी माणसं कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालायला सांगतील. मोरचूद विषारी आहे, मुलांच्या हातातल्या वस्तूत तो नको.

*पुठ्ठा.* दोन चित्रकलेचे कागद आणि मध्ये एक साधा कोरा कागद, असे तीन थर. यापेक्षा जाड केला तर मुलांच्या बोथट टोकाच्या कात्रीने कापला जात नाही. बाहेरचे दोन्ही कागद एकाच वहीतले हवेत. एका बाजूला जाड आणि दुसरीकडे पातळ कागद असेल तर दोन्ही वेगवेगळ्या प्रमाणात आक्रसतात आणि पुठ्ठा बशीसारखा होतो. खळ पातळ लावा, मधून कडेकडे कोरड्या चिंधीने दाबत हवा काढा, कडेची सुटलेली खळ पुसून घ्या. कोऱ्या कागदांच्या मध्ये ठेवून वर वजन द्या. वर्तमानपत्र नको, त्याची शाई उतरते. दोन-तीन तासांनी आजूबाजूचे कागद बदला, नाहीतर ओल आतच कोंडते. पूर्ण वाळायला दोन दिवस.

*रंग.* इथे पोस्टर रंग टाळा, फॅब्रिक रंग घ्या. पोस्टर रंग वाळल्यावरही पाण्याने किंवा घामेजलेल्या बोटांनी सुटतो, आणि पत्ते तर सारखे हाताळले जाणार. फॅब्रिक रंग एकदा वाळला की सुटत नाही. गणवेशावरूनही सुटत नाही, हे लक्षात असू द्या.

आधी मागची बाजू रंगवा. ती दहाही पुठ्ठ्यांची एकाच रंगाची, एकाच बाटलीतून. सगळा रंग एकदम कालवून ठेवा. दुसऱ्यांदा कालवलेला रंग पहिल्याशी कधीच जुळत नाही, आणि पाठीवरून पान ओळखू आलं की खेळ संपला. नंतर पुढची बाजू, प्रत्येक गटाचा वेगळा रंग. दोन पातळ हात द्या, एक जाड नको. जाड थर कापताना टवके उडवतो.

*वर्तुळं.* पुठ्ठा वाळला की २१ बाय २८ सेंमी आखून चौकोन करा. प्रत्येकाच्या मध्ये बांगडी ठेवून आतून पेन्सिल फिरवा. दोन-सहाच्या मापाच्या बांगडीचा आतला व्यास जवळपास सहा सेंटिमीटर असतो. वर्गातल्या सगळ्या बांगड्या एकाच मापाच्या हव्यात, घरून आणलेल्या एकमेकींवर ठेवून पाहा. कापताना आधी चौकोन सुटे करा, मग चार कोपरे छाटून अष्टकोन, मग गोल. कात्री एका जागी स्थिर, पान फिरवायचं. थेट गोल कापायला गेलेल्या मुलांची पाने बटाट्याच्या आकाराची होतात.

*खुणा.* दहा खुणा वर्गाने ठरवाव्यात. दशावतारी मासा, कासव, परशू घेता येतात, किंवा गावातल्या गोष्टी: होडी, छत्री, बैलाचं डोकं, नारळाचं झाड. अट एकच, एक सेंटिमीटर उंचीतही ओळखू यायला हवी. काळ्या कागदातून तेवढी कापून हातभर लांबून पाहायची. ट्रॅक्टर या परीक्षेत नापास होतो. आंबा आणि काजू दोन्ही घेतले तर खेळताना भांडण ठरलेलं.

एका रंगाच्या एक ते दहा या पानांवरच ५५ खुणा लागतात, त्या हाताने काढायला लावल्या तर चौथ्या पानापासून मुलं कंटाळतात. ठसा करा. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कात्रीने खुणेच्या आकारात कापा आणि बाटलीच्या झाकणावर पंक्चरच्या सोल्यूशनने चिकटवा. चिकटवायचं काम शिक्षकांनी उघड्या खिडकीजवळ करावं, त्याचा वास डोक्यात जातो. ठसा उलटा उमटतो हे मुलांना पहिल्या ठशानंतरच कळतं. अक्षरं असलेली खूण त्यामुळे टाळावी. ठशावर फॅब्रिक रंग स्पंजच्या तुकड्याने पातळ लावा आणि काम झाल्याबरोबर ओल्या चिंधीने पुसा. वाळलेला रंग चरांमध्ये बसला तर ठसा टाकून द्यावा लागतो.

मांडणीसाठी प्रत्येकाला दहा हरभरे द्या. पानावर हरभरे ठेवून जागा ठरवायची, मग एकेक उचलत तिथे पेन्सिलीचा ठिपका. पाचपर्यंत कडेने गोलात. सहा ते नऊसाठी एक मध्ये आणि बाकीचे भोवती. दहासाठी दोन मध्ये, आठ भोवती. कडेपासून अर्धा सेंटिमीटर मोकळा सोडा, तिथे शेवटी बारीक काठ येईल. हरभऱ्याशिवाय केलं तर सात खुणा व्यवस्थित बसतात आणि आठवीला जागाच उरत नाही.

चौघांत काम सारखं वाटायचं असेल तर पहिल्याकडे राजा, एक्का आणि दोन. दुसऱ्याकडे वजीर, तीन आणि चार. तिसऱ्याकडे पाच, सहा, दहा. चौथ्याकडे सात, आठ, नऊ. राजा बसलेला आणि वजीर घोड्यावर, असा फरक ठेवला की पाने लांबून ओळखता येतात. घोड्यावर अडणाऱ्या मुलांना घोड्याचं तोंड आणि मान एवढंच काढू द्या. राजा-वजिराच्या पानांवरही कोपऱ्यात गटाची खूण एकदा उमटवायला विसरू नये, नाहीतर दहा राजे होतात आणि कोणता कोणाचा ते कळत नाही.

शेवटी फेविकॉल आणि पाणी समप्रमाणात मिसळून दोन्ही बाजूंना एक पातळ हात. आधी पुढची बाजू, चार तासांनी मागची. पूर्ण वाळायच्या आत पाने एकावर एक रचली तर ती चिकटतात आणि ओढल्यावर रंगाची साल निघते. रात्रभर सुटी पसरून ठेवावीत, आणि पहिले काही दिवस पानांवर थोडी टाल्कम पावडर फिरवावी.

खेळाचा नियम सोपा ठेवा. निघालेल्या रंगाचं पान टाकायचं, मोठं पान डाव घेतं, राजा सर्वांत वर, त्याखाली वजीर. मूळ खेळात पाच रंगांत दहा मोठा आणि उरलेल्या पाच रंगांत एक्का मोठा असा गमतीचा उलटा क्रम असतो. आठवड्याभराने तो आणावा, पहिल्या दिवशी नको. १२० पाने एका डावाला लहान मुलांच्या हातात मावत नाहीत, तेव्हा तीन-चारच रंग घेऊन खेळवा.

पाने हरवणारच. प्रत्येक रंगाचा थोडा फॅब्रिक रंग आणि सगळे ठसे झाकण घट्ट लावून, नावाची चिठ्ठी चिकटवून ठेवा, आणि पुठ्ठे करतानाच एक अकरावा पुठ्ठा फक्त पाठ रंगवून बाजूला काढा. हरवलेलं पान ज्याने रंगवलं होतं त्यानेच नवं करायचं, असा नियम करू नका. हरवणारा दुसराच असतो. ज्याच्या डावात पान गेलं त्या टोळीने मिळून करायचं ठरवलं की पाने फारशी हरवत नाहीत.